आमच्या कंपाउंडात चढलेली चिवणी

कुंदाकाकूंवर अन्याय झाला. मी अकरावी पास झाले त्या वर्षी, मे महिन्याच्या शेवटच्या रविवारी, हिरवळ सोसायटीच्या सर्वसाधारण सभेत, सामोसे यायच्या जरा आधी. वेळ मुद्दाम लिहून ठेवते. असले अन्याय करणारे नंतर हमखास म्हणतात, की ते हळूहळू घडत गेलं, कोणा एकाचा दोष नाही. हळूहळू काही घडत नाही. कोणीतरी ठराव मांडतो, कोणीतरी अनुमोदन देतो, बाकीचे हात वर करतात आणि मग सामोसे येतात. त्या दिवशी ठरलं ते एवढंच, की कंपाउंडात भराव टाकायचा, ते रस्त्याच्या वर उचलायचं आणि वरून पेव्हर ब्लॉक बसवायचे. पहिल्या मजल्यापासून वरच्या सगळ्यांचे हात वर गेले. कुंदाकाकू तळमजल्यावर राहायच्या. त्यांनी विचारलं, "म्हणजे मी यापुढे माझ्या घरात उतरून जायचं? विहिरीत उतरतात तसं?" सेक्रेटरी दळवीकाका बँकेतून निवृत्त झालेले होते. त्यांनी चष्मा पुसला आणि म्हणाले, "वैयक्तिक घेऊ नका, कुंदाताई. हा धोरणाचा भाग आहे."

वसई पूर्वेला जे राहिले नाहीत त्यांना ही रीत सांगितली पाहिजे. आमच्या भागात जमीन वाढते. खरंच वाढते, उंचीने. एका पावसाळ्यात समोरच्या सोसायटीत पाणी शिरलं, की पुढच्या उन्हाळ्यात ते लोक डेब्रिजचे डंपर मागवून कंपाउंड उचलून घेतात. मग त्यांचं पाणी रस्त्यावर येतं. रस्ता बुडाला म्हणून रस्ता उचलतात. मग रस्त्याचं पाणी आमच्या गेटातून आत. मग आम्ही उचलायचं आणि पलीकडच्यांना बुडवायचं. कोणी म्हणत नाही, की बाबांनो, इथे आधी मिठागरं होती, खाजण होतं, पाण्याची पसरायची जागा होती, तिच्यावर आपण चहाचे कप घेऊन उभे आहोत. पाऊसही आता पूर्वीसारखा आठवडाभर रमतगमत पडत नाही, एका दुपारीच सगळा हिशेब चुकता करतो. हवा तापवली आपण, जमीन बुजवली आपण, आणि सभेत विषय काय, तर पेव्हर ब्लॉक लाल घ्यायचे की करडे. आत्मकथन लिहायचं तुझं वय आहे का, असं आई परवाच विचारत होती. तिशी ओलांडली आहे माझी, आणि ज्या शहरात घरंच्या घरं पाच-सात वर्षांत जमिनीखाली जातात तिथे म्हातारपणाची वाट बघायला वेळ कोणाला आहे?

पण राग बाजूला ठेवते, कारण त्या घरातले दिवस मजेचे होते. आम्ही पहिल्या मजल्यावर, कुंदाकाकूंच्या बरोबर डोक्यावर. सकाळी पाण्याची मोटार घरघरायला लागली, की खालून त्यांच्या शिलाई मशीनचा आवाज सुरू व्हायचा आणि दोन्ही एकमेकांत मिसळून आमची फरशी बारीक थरथरायची. त्या ब्लाऊज शिवायच्या, साड्यांना फॉल लावायच्या. अख्ख्या कॉलनीतल्या बायकांची मापं त्यांना तोंडपाठ होती आणि त्या ती उघड बोलून दाखवायच्या, म्हणून त्यांच्या वाकड्यात कोणी फार शिरत नसे. एकट्याच होत्या. कराडला भाऊ होता, तो दर दिवाळीला म्हणायचा, विकून टाक आणि ये. "तिकडे माझं गिऱ्हाईक कोण? तुझ्या म्हशी?" असं त्या फोनवर ओरडायच्या, ते आम्हाला वर ऐकू यायचं. माझे पप्पा कुडाळकडचे. मुंबईला एका कचेरीत नोकरी, घरी आले की गप्प. सभेत तर इतके गप्प, की त्यांची हजेरी लागली की नाही याची आईला शंका यायची. आई सातारची. तिला माशाचं वावडं नव्हतं, पण मासा बाजारातून, कापून, पिशवीतून यावा आणि त्याने आपल्याकडे बघू नये, अशी तिची अट होती. पप्पांना मासा आपल्याकडे बघणारा लागायचा. लग्नाला वीस वर्षं होत आली तरी हा वाद चालूच होता आणि दोघांनाही तो संपायला नको होता.

भराव आला. आठवडाभर डंपर येत राहिले. पाडलेल्या इमारतींच्या विटा, फरशा, एका संडासाचं अख्खं भांडंसुद्धा. कंपाउंडातलं शेवग्याचं झाड कमरेपर्यंत पुरलं गेलं. कुंदाकाकूंच्या दाराला पूर्वी पायऱ्या चढून जावं लागे. त्या पायऱ्या गडप झाल्या आणि उंबरा पेव्हर ब्लॉकच्या खाली गेला. खिडकीतून त्यांना आता माणसांचे फक्त पाय दिसायचे. "बरं आहे," त्या म्हणाल्या, "कोणाच्या सलवारीची शिलाई उसवली ते बसल्या जागी कळतं." मी मात्र पेटले होते. नुकतीच एका संघटनेच्या मुलांबरोबर पत्रकं वाटायला जायला लागले होते, त्यामुळे मला एकच हत्यार माहीत होतं. मी पत्रक लिहिलं. "जाहीर निषेध! तळमजल्याला जिवंत गाडण्याचं कारस्थान हाणून पाडा!" जिन्यात, मीटरच्या पेटीवर, दळवीकाकांच्या दारावर, सगळीकडे चिकटवलं. काकूंनी ते मशीनवर बसून वाचलं, दोरा दाताने तोडला आणि म्हणाल्या, "मयू, जिवंत गाडलेली बाई ब्लाऊज वेळेवर देणार नाही असं वाटेल गं लोकांना. तेवढं काढ."

जूनच्या मध्यावर तो दिवस आला. शनिवार, पप्पा घरी. सकाळपासून असा कोसळत होता, की समोरची इमारत दिसेना. रस्त्याचं पाणी गेटातून आत आलं, नव्याकोऱ्या पेव्हर ब्लॉकवरून सरसरत गेलं आणि सरळ कुंदाकाकूंच्या उंबऱ्यावरून आत उतरलं. उतारच तसा करून ठेवला होता आम्ही. मी आणि पप्पा धावलो. मशीन उचलून दिवाणावर ठेवलं, दिवाणाखाली विटा लावल्या (भरावातल्याच, तेवढा एक उपयोग झाला), ब्लाऊजचे गठ्ठे आमच्याकडे वर पोचवले. काकू पोटरीभर पाण्यात उभ्या राहून कोणतं कापड कोणाचं ते ओरडत होत्या. मग स्वयंपाकघरात गेल्या आणि तिथूनच त्यांची किंकाळी आली. "अहो सावंत! धावा! माझ्या ओट्याखाली कोणीतरी जिवंत आहे!"

पप्पा आत गेले, वाकले, आणि वर आले तेव्हा त्यांचा चेहरा बदलला होता. इतकी वर्षं तो चेहरा त्यांनी कुठे ठेवला होता कोण जाणे. त्यांच्या मुठीत मिशा असलेला, चकचकीत, वळवळणारा मासा होता. "चिवणी!" ते म्हणाले. "गो मयू, बादली हाड! चढणीचो मासो इलो!" घरात आईशी ते साधं मराठी बोलायचे, त्यामुळे मालवणी तोंडातून निघाली म्हणजे माणूस शुद्धीवर नाही, हे मी ओळखलं आणि बादली आणायला पळाले. चिवणी ही खाडीतली छोटी मासळी. पावसाचं गोडं पाणी खाडीला मिळालं, की ती अंडी घालायला ओढ्यानाल्यांतून वर चढते, शेतात शिरते. पप्पांचं सगळं बालपण गावच्या ओहोळावर असे चढणीचे मासे धरण्यात गेलं होतं, आणि आता ते मासे त्यांना भेटायला वसईच्या पार्किंगमध्ये आले होते. काकूंनी आपली मच्छरदाणी स्वतः काढून दिली. "फाडलीत तर नवीन शिवीन, पण मला दोन हव्यात. अंड्यावाल्या!" मग बनियन आणि अर्ध्या चड्डीतले पप्पा, मच्छरदाणीचं दुसरं टोक धरलेली मी, आणि छत्री घेऊन दिशा दाखवणाऱ्या कुंदाकाकू अशी वरात स्कूटरींच्या मधून निघाली. वरच्या खिडक्या एकेक करून उघडल्या. "सावंत, उजवीकडे! पल्सरच्या चाकाखाली!" असं तिसऱ्या मजल्यावरून चक्क दळवीकाका ओरडले आणि मग आपण सेक्रेटरी आहोत हे आठवून त्यांनी खिडकी लावून घेतली.

मासे येत होते मागच्या भिंतीतून, आणि काकूंच्या मागच्या दाराने थेट स्वयंपाकघरात. तिथल्या अरुंद बोळात भराव पोचला नव्हता आणि भिंतीच्या पायाशी एक जुनं भोक होतं, सिमेंटच्या पाइपाचं, पलीकडच्या नाल्यात उघडणारं. भरावाच्या वेळी त्यात राडारोडा पडला होता आणि एक गोणपाट अडकलं होतं. चिवण्या त्या फटीतून धडपडत होत्या. "बिचारी दमतत," असं म्हणून पप्पांनी सळईने गोणपाट ओढून काढलं, विटा उपसल्या. हेतू एकच, माशांना नीट येता यावं. पलीकडे नाल्याच्या काठावर भानुबाई उभी होती. नाल्यापलीकडची भाताची खाचरं आणि भेंडीचा वाफा तिच्या घरचा. तिने भोकाच्या तोंडाशी टोपली लावली होती आणि ती पप्पांवर जाम भडकली. भिंतीवरून तिचं फक्त इरलं आणि आवाज दिसत होता, असंच म्हणावं लागेल. "ओ भाऊ! कोन हाय तिकडं? माजे मासे वरच्या वर खाताय काय?"

"मासे खाडीचे, बाई!" पप्पा ओरडले.

"खाडीचे, पन नाला माज्या बांदावरनं जातो! वर्षभर तुमच्या कचऱ्याच्या पिशव्या येतात त्या कोनाच्या मग? त्या पन खाडीच्या काय?"

पप्पा भोकापाशी पाण्यात उकिडवे बसले होते. बराच वेळ त्या भोकाकडे बघत राहिले. मला वाटलं, बाईंचं बोलणं लागलं. मग ते उठले आणि सगळे मासे सोडून कुंदाकाकूंच्या घरात जाऊन उभे राहिले. दुपारपर्यंत त्यांच्या पोटरीवरचं पाणी घोट्यावर आलं. पाऊस तसाच कोसळत होता, कमी झालेला नव्हता. पण पाणी उतरत होतं.

त्या दुपारी आमच्याकडे चिवणीचं कालवण झालं. आधी आईने साफ नकार दिला. "गाड्या लावायच्या जागेतला मासा माझ्या पातेल्यात येणार नाही. पेट्रोल पिऊन आलाय तो." मग कुंदाकाकू वर आल्या, त्यांनी पदर खोचला, राखेवर घासून चिवण्यांचा बुळबुळीतपणा काढला, कैरीच्या फोडी, लसूण, हळद, मिरची, आणि वरून खोबरं नाही की काही नाही, नुसती कोथिंबीर. पिवळ्याधमक गाबोळीचा, म्हणजे पोटातल्या अंड्यांचा, तो रस्सा वाफाळत ताटात आला तेव्हा आई दाराशी उभी होती. मग बसली. मग म्हणाली, "थोडा भात आणखी लावते." भानुबाईच्या वाट्याचा डबा पप्पांनी भिंतीवरून दिला. आजकाल चिवणी पूर्वीच्या मानाने फार कमी दिसते. खाडीत आपण जे सोडतो त्यात कोणी पोरं वाढवायला येईल? आणि पोटात अंडी असलेली मासळी धरू नका, हे मी आता दर जूनमध्ये बाजारात उभी राहून सांगते. लोक विचारतात, तुम्ही कधी खाल्ली आहे का? मी सांगते, खाल्ली आहे, अप्रतिम लागते, म्हणूनच सांगते.

दुसऱ्या दिवशी रविवारी दळवीकाकांनी तातडीची सभा घेतली. पार्किंगमध्ये, वर ताडपत्री, बाहेर पाऊस चालूच. कुंदाकाकूंनी कराडच्या भावाला फोन लावून ठेवला होता. आज यांनी भलतंच काही ठरवलं, तर जागा विकणार, एक गोडाऊनवाला घ्यायला तयार आहे, असं त्या आम्हाला सकाळीच म्हणाल्या होत्या. आवाज नेहमीसारखाच होता, पण त्या दिवशी खालून मशीनचा आवाज आला नव्हता. दळवीकाकांनी ठराव मांडला. "पाणी मागच्या नाल्यातून आत येतं, हे काल सर्वांनी पाहिलं. मासेसुद्धा तिथूनच आले. सबब, मागच्या भिंतीतलं भोक सिमेंटने बंद करावं आणि मागची बाजूही उचलावी." सगळ्यांना पटलं. नाला मागे, नाल्याला वास, नाल्यापलीकडे भानुबाईसारखी माणसं. वाईट जे काही आहे ते तिकडूनच येणार, हे मध्यमवर्गाला पटवून द्यावं लागत नाही. हात वर जायला लागले. मी निषेध करायला उठणार, एवढ्यात माझ्या शेजारून कोणीतरी खाकरलं. पप्पा उभे राहिले होते.

"मासा," ते म्हणाले आणि थांबले. सगळे हसले. "मासा पाण्याच्या उलट चढतो. प्रवाहाबरोबर वाहत येतो तो मेलेला मासा. जिवंत चढणीचा मासा पाण्याच्या तोंडावर चालून जातो. काल मासे आत येत होते. म्हणजे पाणी बाहेर जात होतं."

फक्त ताडपत्री वाजत होती. "आपण पुढून येणारं पाणी आत घेतो," पप्पा म्हणाले, "आणि मागची वाट बंद करायचा ठराव करतो. पाण्याने जायचं कुठे? कुंदाताईंच्या घरात?"

"सावंत, माशांच्या साक्षीवर सोसायटी चालत नाही," दळवीकाका म्हणाले.

"मग माझ्या चपलेच्या साक्षीवर चालवा!" कुंदाकाकू उठल्या. पायातली रबरी चप्पल काढली, तरातरा मागच्या भिंतीपाशी गेल्या आणि भोकापासून हातभर अलीकडे पाण्यात सोडली. अख्खी सभा छत्र्या घेऊन त्यांच्या मागे. चप्पल क्षणभर गोल फिरली, तोंड वळवलं आणि सुळकन भोकातून पलीकडे. काकू एका पायावर उभ्या. मग भिंतीवरून ती चप्पल हवेतून परत आली आणि दळवीकाकांच्या छत्रीवर आदळली. पाठोपाठ आवाज आला. "चपला पन टाकायला लागले आता! लाज हाय का नाय?"

इतकं हसू मी सोसायटीत आधी कधी ऐकलं नव्हतं. दळवीकाकांनी छत्री मिटली, चप्पल स्वतः उचलली आणि कुंदाकाकूंच्या पायाशी ठेवली. मग खरोखर कामाचा प्रश्न त्यांनीच विचारला. ते त्यांचं मोठेपण, मी नाकारत नाही. "पण भरतीच्या वेळी? तेव्हा तर नाला उलटा फिरेल." पप्पा म्हणाले, "तेव्हापुरती आपोआप मिटणारी झडप लावू. गावच्या खारभूमीच्या बांधाला असते तशी." ठराव बदलला. भोक बुजवायचं नाही, मोठं करायचं, जाळी आणि झडप लावायची. कुंदाकाकूंच्या बाजूचे पेव्हर ब्लॉक उखडायचे, भराव उपसायचा, गेटापासून मागच्या भिंतीपर्यंत उघडा चर काढायचा. भानुबाईला विचारायला पप्पा आणि काकू दोघं गेले. तिने एकच अट घातली: नाल्यात पिशवी दिसली, तर ती तुमच्या खिडकीतून परत येईल. आम्ही पोरांनी दर उन्हाळ्यात नाला उपसायचं कबूल केलं. एकदा दिरंगाई झाली, तेव्हा तिने शब्द पाळला. पिशवी आमच्याच स्वयंपाकघरात पडली. आईने नेम चांगला आहे म्हणून दाद दिली.

पायऱ्या उकरून बाहेर आल्या त्या दिवशी काकूंनी त्या घासूनपुसून त्यावर रांगोळी काढली. कराडला फोन करून "म्हशींना सांग, मी येत नाही" असं ओरडल्या. पाणी त्यांच्या दारापर्यंत नंतरही आलं, उंबरा ओलांडून आलं नाही. आज त्यांची नजर थोडी मंदावली आहे, दोरा ओवायला त्या मला बोलावतात, आणि मशीन त्याच खोलीत चालू आहे. पण आमच्या आजूबाजूला डंपर थांबलेले नाहीत. खाडीकडची शेवटची मोकळी जमीनही दर उन्हाळ्यात थोडी उंच होते, आणि दरवर्षी कुठल्या ना कुठल्या तळमजल्यावर कोणीतरी गादी उचलून पलंगावर ठेवतं. मी अशा घरांत जाते. पाणी कुठून आलं, असं विचारलं की सगळे मागे बोट दाखवतात.

म्हणून आता तुम्हाला सांगते. वाचून झालं असेल, तर खाली उतरा. तुमच्या इमारतीचं पाणी कुठून बाहेर जातं ते शोधा, आज, ऊन असतानाच. वाट बुजली असेल तर मोकळी करा. बुजवली असेल, तर कोणी बुजवली ते विचारा. आणि पुढच्या सभेत भरावाचा ठराव आला, की उभं राहून एवढंच म्हणा: आपण हे पाणी कोणाच्या घरात सोडायचं ठरवतोय, त्या माणसाचं नाव ठरावात लिहा. नाव लिहिल्याशिवाय हात वर करू नका.